दहावीनंतर पोरं जातात कुठे? विद्यार्थ्यांच्या वाटचालीच्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकसभेत, कधी एसटीत शेजारी बसलेल्या बाईंकडून हे प्रश्न मला गेली काही वर्षं येत आहेत. कुणी आकडा सांगितला की मी आधी एकच उलट प्रश्न टाकते : कितीपैकी? खालची बरीचशी उत्तरं त्याच प्रश्नाभोवती फिरतात, हे आधीच सांगून ठेवते.

वाटचालीचं संशोधन म्हणजे नेमकं काय करतात?

एका वर्षी एका इयत्तेत असलेली मुलं धरायची आणि त्यांचा पिच्छा सोडायचा नाही. समजा, जून २०१५ मध्ये नववीत आलेली मुलं. त्यातली दहावीला किती बसली, अकरावीला किती गेली, आयटीआयला किती, पदवीच्या पहिल्या वर्षाला किती, तिसऱ्या वर्षापर्यंत किती उरली, पंचविशीत कोण काय करत होतं. जो सापडला नाही, तो सापडला नाही हेही लिहायचं.

नेहमीची शैक्षणिक आकडेवारी अशी नसते. तिच्यात यंदाची दहावी, यंदाची बारावी आणि यंदाचे पदवीधर असे तीन वेगवेगळे घोळके शेजारीशेजारी उभे असतात आणि आपण ते एकच समजून तुलना करत बसतो.

बोर्डाचा निकाल ९४ टक्के लागतो. मग काळजी कसली?

२०२५ मध्ये राज्यात दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांचा निकाल ९४.१० टक्के लागला. परीक्षेला बसले सुमारे १५ लाख ४६ हजार, पास झाले सुमारे १४ लाख ५५ हजार. आकडा खरा आहे, पण त्याचा छेद ‘परीक्षेला बसलेले’ हा आहे. आठवीनंतर घरी राहिलेली मुलगी त्या छेदात नाही. दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला आणि परत वर्गात आलाच नाही, तो मुलगा नाही. ‘तू यंदा सतरा नंबरचा फॉर्म भर’ असं ज्याला सुचवलं गेलं, तो खासगी विद्यार्थी म्हणून वेगळ्या रकान्यात गेला.

शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स दिसला की मी त्या शाळेत जाऊन पाच वर्षांपूर्वीच्या पाचवीचा पट किती होता ते विचारते. मुख्याध्यापक हसतात आणि चहा मागवतात. न्यायाने बोलायचं तर पटातली सगळी घट म्हणजे गळती नव्हे. काही मुलं तालुक्याच्या शाळेत गेलेली असतात, काहींच्या वडिलांची बदली झालेली असते. नेमकी किती, हे मात्र मुलामुलाचा माग काढल्याशिवाय कळत नाही.

माग काढतात कसा?

दोन पद्धती आहेत. पहिली, माणसांना पुन्हा पुन्हा भेटण्याची. अमेरिकेत १९६० मध्ये ‘प्रोजेक्ट टॅलेंट’ या नावाने सुमारे ४ लाख ४० हजार हायस्कूल विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या आणि पुढे त्यांचा पाठपुरावा केला. मग तिथल्या केंद्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राने दर काही वर्षांनी नवी तुकडी धरली : १९७२ चे बारावीचे, १९८० चे दहावी-बारावीचे, १९८८ चे आठवीचे, २००२ चे दहावीचे, आणि २००९ मध्ये नववीत आलेले ९४४ शाळांतले २३ हजारांहून जास्त विद्यार्थी. १९८० च्या तुकडीला तर पन्नाशीच्या आसपास पुन्हा गाठलं. ब्रिटनमध्ये त्याहून चिवटपणा आहे. मार्च १९५८ च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७ हजार बाळांचा माग तिथे त्यांच्या साठीपर्यंत घेतला गेला.

दुसरी पद्धत नोंदी जोडण्याची. शाळेची नोंद, कॉलेजची नोंद, जमलं तर पगाराची नोंद, एका क्रमांकाने एकमेकींना गाठ मारायची. ही स्वस्त पडते आणि कुणाच्या दारात जावं लागत नाही. पण मुलगा कॉलेज सोडून का गेला, हे नोंदवही सांगत नाही. ते त्याच्या आईलाच विचारावं लागतं.

भारतात असा अभ्यास झालाय का?

झालाय, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. सगळ्यात जवळचा ‘यंग लाइव्ह्ज’. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने २००२ मध्ये इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम मिळून सुमारे १२ हजार मुलं निवडली गेली. भारतातली सुमारे ३ हजार मुलं तेव्हाच्या आंध्र प्रदेशातली, म्हणजे आताच्या आंध्र आणि तेलंगणातली. दोन वयोगट घेतले : १९९४-९५ च्या सुमारास जन्मलेली आणि २००१-०२ च्या सुमारास जन्मलेली. त्यातले मोठे आता तिशीत आहेत. लहानपणी वजनकाट्यावर उभी केलेली मुलं पुढे नोकरी, लग्न, बाळंतपण सांगायला त्याच अभ्यासात सापडतात. भारतात हे दुर्मीळ आहे.

दुसरा ‘इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे’. सोनालदे देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरीलँड विद्यापीठ आणि दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था यांच्यामार्फत २००४-०५ मध्ये देशभरातल्या ४१,५५४ कुटुंबांना भेट दिली आणि त्यातल्या बहुतेकांना २०११-१२ मध्ये पुन्हा गाठलं. हा कुटुंबांचा अभ्यास आहे, पण त्यातून मुलांचं शिक्षण आणि पुढचं काम यांचे धागे जुळवता येतात.

आणि ‘असर’, म्हणजे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचं ‘प्रथम’ संस्थेचं सर्वेक्षण? त्याचा उल्लेख हमखास होतो, म्हणून सांगते. ‘असर २०२३’ ने १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींचं चित्र दाखवलं : २६ राज्यांतले २८ जिल्हे, ३४,७४५ जण. त्यात चौदाव्या वर्षी ३.९ टक्के मुलं कुठेच शिकत नव्हती, अठराव्या वर्षी ३२.६ टक्के. मोठी दरी आहे. पण ही चौदाची आणि अठराची मुलं वेगवेगळी आहेत, एकाच मुलांची चार वर्षं नव्हेत. दरी कुठे आहे ते कळतं, तिच्यात कोण कसं पडलं ते कळत नाही.

सरकारी पोर्टलवर प्रत्येक मुलाची नोंद आहे. मग वेगळं संशोधन कशाला?

हा प्रश्न जो शिक्षक विचारतो, त्याने पोर्टल भरलेलं नसतं. ज्याने भरलंय, तो विचारत नाही.

महाराष्ट्रात ‘सरल’ या राज्याच्या पोर्टलमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचा आयडी आला. मग केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ या शाळांच्या माहितीच्या पोर्टलमध्ये २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंद सुरू झाली आणि प्रत्येकाला कायमचा शैक्षणिक क्रमांक मिळाला, ज्याला सगळे ‘पेन’ म्हणतात. त्यावर आता बारा आकडी ‘अपार’ हा ओळख क्रमांक आला आहे. यंत्रणा चांगली आहे, माझी तिच्याशी काही तक्रार नाही. पण ती चालते कशी ते पाहा. मुलगा दाखला घेऊन गेला की जुनी शाळा त्याला ‘ड्रॉपबॉक्स’ मध्ये टाकते. नव्या शाळेने पेन टाकून त्याला ‘इम्पोर्ट’ करायचं. नव्या शाळेने केलं नाही, किंवा नवी शाळाच नसली, तर मुलगा त्या डब्यात पडून राहतो. डब्यातला मुलगा सोलापूरच्या कॉलेजात बसलेला आहे की सुरतेच्या कापड गिरणीत, हे डबा सांगू शकत नाही.

आपल्या राज्यात याला आणखी एक गाठ आहे. १९७५ मध्ये आपण १०+२+३ हा आकृतिबंध घेतला, तेव्हापासून अकरावी-बारावी बऱ्याच ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयांत गेली. परिणामी दहावी झालं की जवळजवळ प्रत्येक मूल शाळा ‘सोडतं’. शिकायला जाणारं आणि कामाला जाणारं, दोघंही त्याच खिडकीवर, त्याच आठवड्यात, तोच शाळा सोडल्याचा दाखला घेतात. ज्या वळणावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवायला हवं, त्याच वळणावर नोंदवही सगळ्यांबद्दल एकसारखं वाक्य लिहिते.

त्यापुढे खाती बदलतात. बारावीपर्यंत यूडायस, पदवीपासून उच्च शिक्षणाचं ‘आयशे’ सर्वेक्षण, आयटीआय कौशल्य विभागाकडे, आणि नोकरी मोजणारं श्रमशक्ती सर्वेक्षण सांख्यिकी मंत्रालयाकडे. प्रत्येक खातं आपापल्या दारातून आत आलेल्यांना मोजतं. दोन दारांमधल्या रस्त्यावर कुणीच उभं नसतं.

महाराष्ट्राचं उच्च शिक्षणातलं प्रमाण ३५ टक्के आहे, म्हणजे शंभरातली ३५ मुलं पदवीधर होतात का?

नाही. २०२१-२२ च्या आयशेत राज्याचं ढोबळ नोंदणी प्रमाण ३५.३ होतं (देशाचं २८.४). त्याचा अर्थ एवढाच, की उच्च शिक्षणात नाव असलेले सगळे, कुठल्याही वयाचे, भागिले १८ ते २३ वयाची लोकसंख्या. नाव असणं वेगळं, वर्गात असणं वेगळं, पदवी हातात पडणं आणखी वेगळं. पुण्या-मुंबईत शिकायला आलेली परराज्यातली मुलंही वरच्या आकड्यात धरली जातात.

या विषयात शिकागोचं नाव सारखं का येतं?

कारण तिथे संशोधन अहवालातच राहिलं नाही, ते शाळेच्या स्टाफरूममध्ये पोचलं. शिकागो विद्यापीठातलं शालेय संशोधनाचं कन्सोर्टियम १९९० पासून तिथल्या सरकारी शाळांचा डेटा वर्षानुवर्षं जमवत आलं आहे. २००५ मध्ये इलेन ऑलन्सवर्थ आणि जॉन ईस्टन यांनी एक साधी खूण मांडली. अमेरिकेतलं हायस्कूल नववीपासून चार वर्षांचं. नववीच्या शेवटी मुलाच्या खात्यावर वर्षभराची पाच क्रेडिट (म्हणजे वर्षभराचे पाच विषय पास) पुरी असतील आणि मुख्य विषयांत सत्रांमध्ये मिळून एकापेक्षा जास्त नापास शेरा नसेल, तर तो ‘रुळावर’. एवढंच. रुळावर असलेल्या मुलांची वेळेत हायस्कूल पुरं करण्याची शक्यता रुळावरून घसरलेल्यांच्या साडेतीनपट निघाली. आठवीतले चाचणीचे गुण, घरची गरिबी, वंश, यांपैकी कुठल्याही गोष्टीपेक्षा ही खूण भाकीत जास्त नेमकं करत होती.

मला त्यांच्या कामातला हजेरीचा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. नववीत विषय राहणार का, हे सांगताना आठवीच्या गुणांपेक्षा हजेरी आठपट उपयोगी ठरली. म्हणजे मूल हुशार आहे की नाही याच्यापेक्षा ते नवीन, मोठ्या, अनोळखी शाळेत रोज येतंय की नाही हे बघा. आठवीपर्यंत नावानिशी ओळखणारे शिक्षक होते. नववीत तासाला एक शिक्षक, दर तासाला नवी खोली, आणि दांडी मारली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. मूल तिथेच सुटतं.

मग शाळांना वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष चालू असताना याद्या मिळू लागल्या : ही अमुक मुलं घसरतायत. कुणी घरी फोन केला, कुणी दुपारी थांबवून गणित करून घेतलं. रुळावर असलेल्यांचं प्रमाण २००७ मध्ये ५७ टक्के होतं, ते २०१३ मध्ये ८२ टक्के झालं. असा आकडा चढला की मला पहिली शंका येते ती ‘शिक्षकांनी पासच करून टाकलं असणार’ अशी. शिकागोतही ती आलीच. म्हणून त्यांनी आधी सुधारलेल्या शाळांतल्या त्याच मुलांची तीन वर्षांनंतरची स्थिती पाहिली. हायस्कूल पुरं करणाऱ्यांचं प्रमाणही वाढलेलं होतं. नुसती कागदावरची मेहेरबानी असती, तर ती अकरावी-बारावीत उघडी पडली असती.

कौतुक एवढ्यावर थांबवते, कारण याच मंडळींचा २००६ चा अहवाल वाचून शहर हादरलं होतं. नववीत आलेल्या शंभर मुलांपैकी विशीच्या मध्यापर्यंत चार वर्षांची पदवी घेणारी निघाली सुमारे आठ. छेद ‘नववीत आलेले’ असा धरला की असे आकडे दिसतात.

आपल्याकडेही नववीच महत्त्वाची का?

माझ्या मते हो, पण कारण वेगळं आहे. शिकागोत नववीत शाळा बदलते, आपल्याकडे नववीत हिशेब बदलतो. आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याचं छत्र आहे. नववीत ते संपतं, आणि पुढच्याच वर्षी शाळेचा निकाल लागणार असतो. कच्चा मुलगा दहावीत गेला तर निकाल पडेल, ही भीती स्टाफरूममध्ये उघड बोलली जाते. मग त्याला नववीत ठेवतात. वर्षभर लहान मुलांबरोबर बसायची लाज वाटून तो पोल्ट्रीवर कामाला लागतो. निकालाच्या टक्केवारीला तो कधी दिसतच नाही.

सायन्स घेतलेली मुलं पुढे जास्त कमावतात, हे सिद्ध झालंय ना?

जास्त कमावतात हे दिसतं. सायन्समुळे कमावतात, हे त्यावरून सिद्ध होत नाही. ज्याला दहावीला चांगले गुण होते, ज्याच्या घरी क्लासच्या फीची सोय होती, ज्याचं गाव शहराजवळ होतं, तोच बहुधा सायन्सला गेला. त्याने कॉमर्स घेतलं असतं तरी तो कदाचित पुढेच गेला असता.

ही गुंतागुंत सोडवायला संशोधक काठावरची मुलं शोधतात. ८७.४ टक्क्यांवर यादी बंद झाली तर ८७.४ वाला आत आणि ८७.२ वाला बाहेर. दोघांच्या हुशारीत काडीचा फरक नाही, पण वाटा वेगळ्या झाल्या. अशा जोड्या हजारोंनी मिळाल्या की शाखेचा किंवा कॉलेजचा खरा परिणाम मोजता येतो. आपली अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया मुंबई विभागात २००९ पासून चालू आहे आणि २०२५-२६ पासून ती सबंध राज्याला लागू झाली. काठावरची मुलं तिच्या प्रत्येक फेरीत आपोआप तयार होतात. या विषयात पीएचडी शोधणाऱ्यांनी इकडे बघावं.

प्रवेश मिळूनही मुलं कॉलेजात पोचत नाहीत, असं कसं होईल?

अमेरिकेत याला ‘समर मेल्ट’ म्हणतात, उन्हाळ्यात वितळून जाणं. मे महिन्यात कॉलेजला होकार कळवलेल्यांपैकी साधारण १० ते २० टक्के मुलं सप्टेंबरला वर्गात नसतात, आणि गरीब घरांत हे प्रमाण आणखी जास्त असतं. मन बदललेलं नसतं. अडतं कुठे, तर एखादा फॉर्म, एखादी पावती, एखादी तारीख. बेन्जामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी अशा मुलांना नुसते आठवणीचे मेसेज पाठवून पाहिले, तर काही ठिकाणी प्रवेश घेणाऱ्यांची संख्या वाढली.

याहून बोलका, अमेरिकेतलाच प्रयोग २०१२ मध्ये छापून आला. आयकर विवरण भरून देणाऱ्या दुकानांत आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्याच टेबलावर मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला. बारावीतल्या ज्या मुलांच्या घरी ही मदत मिळाली, त्यांच्यात कॉलेजची दोन वर्षं पुरी करणारे ८ टक्के-बिंदूंनी वाढले. दुसऱ्या गटाला फॉर्म भरून दिला नाही, फक्त ‘तुम्हाला एवढी मदत मिळू शकते’ अशी माहिती दिली. त्यांच्यात काही फरक पडला नाही.

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ज्यांनी नेट कॅफेत दुपार घालवली आहे, त्यांना हे वेगळं समजवायला नको. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, आधारला जोडलेलं खातं, आणि ओटीपी जातो तो मोबाइल वडिलांच्या खिशात, वडील कोल्हापूरला ट्रकवर. जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. निर्णय मोठा आहे. तो किती मुलींपर्यंत पोचला हे तपासताना लाभार्थ्यांची यादी मोजू नका, पात्र असून कागदावाचून राहिलेल्या मुली मोजा.

मुलींची वाट कुठे तुटते?

बहुतेक वेळा अंतरावर. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि सगळ्यात जास्त फरक ज्यांची शाळा लांब होती त्यांना पडला. आपल्याकडे मागास तालुक्यांत धावणाऱ्या मानव विकासच्या निळ्या बस आणि अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास यांनी हेच काम बारावीपर्यंत केलं आहे. बारावीनंतर पास संपतो. त्याच वर्षी घरात स्थळांची बोलणी सुरू होतात, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही, पण ते दाखवून द्यायला मुलींचा माग घेणारा अभ्यासच लागेल.

आयटीआय आणि डिप्लोमावाले मागे पडतात का?

असं सरसकट म्हणता येत नाही. दहावीनंतर डिप्लोमा आणि मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश ही वाट अनेकांनी चोख वापरली आहे. ट्रेड कुठला आणि जवळ एमआयडीसी आहे का, यावर खूप काही ठरतं.

स्पर्धा परीक्षा करणारे कुठल्या रकान्यात येतात?

उत्तर देणारा कोण आहे, त्याप्रमाणे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला खुर्ची पकडणारा सव्वीस वर्षांचा मुलगा घ्या. मुक्त विद्यापीठात एमएला नाव असेल तर तो विद्यार्थी. सर्वेक्षणाला गावाकडे वडील भेटले आणि म्हणाले ‘नोकरी बघतोय’, तर बेरोजगार. ‘शेती बघतो’ म्हणाले तर शेतकरी. तिन्ही वेळा तो एकाच खुर्चीवर एकाच नोट्स वाचत असतो.

श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटाचा बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता, आणि १५ वर्षांवरच्या सगळ्यांचा ३.२ टक्के. या दोन आकड्यांमधल्या फरकात पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळणारी आणि राज्यसेवेची चौथी फेरी करणारी पोरं नक्कीच आहेत. किती वर्षं कुणी त्यात घातली, शेवटी कुठल्या वयात बाहेर पडलं आणि मग काय केलं, हा महाराष्ट्रातल्या वाटचालीच्या अभ्यासातला मला सगळ्यात निकडीचा प्रश्न वाटतो.

कॉलेज सांगतं ‘९० टक्के प्लेसमेंट’. विश्वास ठेवू का?

कितीपैकी ते विचारा. बहुधा ‘प्लेसमेंटसाठी पात्र आणि नाव नोंदवलेल्यांपैकी’ असं उत्तर येतं. विषय राहिलेले पात्र नसतात, कंटाळून नाव न नोंदवलेले यादीत नसतात. पगारही सरासरी सांगितला तर मध्यक मागा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा. एकाला चाळीस लाख मिळाले की शंभर जणांची सरासरी फुगते. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-क्रमवारीला, माहिती देताना कॉलेजांना मध्यक पगार द्यावाच लागतो, त्यामुळे ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

एखाद्या शाळेला स्वतःच्या मुलांचा माग काढता येईल का?

येईल, आणि काढावा. मी शिकवत असताना एकदा माझ्याच जुन्या वर्गाचा हजेरीपट घेऊन बसले होते. जनरल रजिस्टर उघडलं, फोन लावायला सुरुवात केली. निम्मे नंबर बंद. एक नंबर मुकादमाचा निघाला, त्याने विचारलं, ‘पैसे द्यायचे हायत का घ्यायचे?’ एका मुलीचा फोन तिच्या सासूने उचलला आणि मुलगी बोलू लागली तेव्हा सासू शेजारीच उभी आहे हे आवाजावरून कळत होतं.

दोन नावं मी विसरलेले नाही. एकाच्या नावापुढे रजिस्टरला ‘पालकांचे स्थलांतर’ असा शेरा होता, म्हणजे आमच्या लेखी गेलेला. तो रांजणगावला कंपनीत कंत्राटावर होता, बाहेरून बारावी केली होती, मुक्त विद्यापीठातून बीएच्या दुसऱ्या वर्षाला होता. दुसरीच्या नावापुढे ‘अकरावीत प्रवेश’, म्हणजे आमच्या लेखी यशस्वी. ती कॉलेजात एकदाच गेली होती, फी भरायला.

करायचं असेल तर तीन गोष्टी पाळा. दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशीच प्रत्येकाचे दोन नंबर घ्या, त्यातला एक मामा, मावशी किंवा शेजारच्या दुकानाचा. वर्षातून एकदाच फोन करा, शक्यतो दिवाळीत, तेव्हा मुलं गावी असतात. आणि ‘काय करतोस?’ असं विचारण्याऐवजी ‘गेल्या आठवड्यात काय केलंस?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला मुलं मोठी स्वप्नं सांगतात, दुसऱ्याला खरं सांगतात.

मुलांची माहिती अशी वापरणं बरोबर आहे का?

परवानगीने आणि नाव काढून टाकून. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती धरली आहे. कायद्यापलीकडेही एक पथ्य आहे. ‘घसरणारी मुलं’ अशी यादी तयार झाली की ती मुलांवर शिक्का मारायला वापरायचा मोह होतो. यादी मुलाकडे जाण्यासाठी असते, फलकावर लावण्यासाठी नाही.

माझ्या मुलीची यंदा दहावी आहे. एवढ्या सगळ्यातून मला काय घेता येईल?

कॉलेज निवडताना कटऑफ बघालच. त्याशिवाय दोन आकडे विचारा. अकरावीला जेवढी मुलं आली, त्यातली किती बारावीच्या परीक्षेला बसली? आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण एटीकेटीसकट तीन वर्षांत सुटले? प्राचार्य पहिला येणाऱ्याचं नाव सांगतील. तुम्ही नम्रपणे प्रश्न पुन्हा विचारा. तिथूनही उत्तर मिळालं नाही, तर ऑफिसात परीक्षेचे फॉर्म घेणाऱ्या क्लार्कबाईंना विचारा. दरवर्षी किती फॉर्म कमी येतात ते त्यांना तोंडपाठ असतं. फक्त जूनमध्ये जाऊ नका, तेव्हा खिडकीवर रांग असते. एप्रिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीनंतर जा.